पुढच्या चाकांची कडी

यूरे गाव सोडून दक्षिणेला निघालं, की ५५० नंबरचा महामार्ग डोंगराच्या कडेकडेनं चढायला लागतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी आणि मधे कठडा नाही. हिवाळ्यात नांगरगाडीला बर्फ दरीत लोटता यावा म्हणून नाही, असं इथले लोक सांगतात. तीनेक मैलांवर डाव्या हाताला दगडांचा एक चढ फुटतो. त्याला रस्ता म्हणायचं ते केवळ सरकारी पाटी म्हणते म्हणून. हा चढ इंजिनिअर पास नावाच्या खिंडीकडे जातो. उंची १२,८०० फूट. खिंडीपलीकडे लेक सिटी.

फाट्यावर गाडी उभी करण्यापुरती सपाट जागा आहे. जुलैतल्या एका सकाळी मी तिथे उतरलो आणि डाव्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलो. चाकाच्या बरोबर मध्यावर, वाटी पालथी घातल्यासारखा, हबचा तुकडा पुढे आलेला असतो. त्याच्या तोंडावर एक चकती, चकतीला चिमटीत धरायला आडवी पट्टी, आणि कडेला कोरलेले दोन शब्द : फ्री आणि लॉक. लोखंड सकाळच्या गारठ्यानं चटका बसावा इतकं थंड होतं. पट्टी फ्रीवरून लॉककडे फिरवली. आत काहीतरी टक् करून बसलं.

"दादा, तुझ्या बाजूचं फिरव."

"फिरवलं की. बसलं बघ."

बसलं नव्हतं. पण ते कळायला पाऊण तास जायचा होता.

दादा माझा चुलतभाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, वारणाकाठचा ऊसवाला. ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप, सगळं चालवून झालेलं. मुलगी टेक्ससला असते. तिच्याकडे आला होता, तिथल्या उन्हाला वैतागला आणि आठ दिवसांसाठी माझ्याकडे डेन्व्हरला आला. डोंगर दाखव म्हणाला. सान व्हान पर्वतराजी दाखवायची म्हणजे कोलोरॅडोच्या नैऋत्य कोपऱ्यात जायचं, आणि ती खरी पाहायची म्हणजे डांबर सोडायचं.

गाडी माझी. १९८५ सालची टोयोटा पिकअप. जगात इतरत्र हिला हायलक्स म्हणतात, अमेरिकेत मात्र बारसंच झालं नाही, नुसतं 'टोयोटा ट्रक'. २.४ लिटरचं चार सिलिंडरी इंजिन, पाच गिअर, मागे उघडा हौदा. टोयोटानं फोर व्हील ड्राइव्हची पिकअप काढली १९७९ मध्ये. तेव्हापासून १९८५ पर्यंत हिच्या पुढच्या बाजूला अखंड अ‍ॅक्सल होता, म्हणजे आपल्या जुन्या जीपसारखं एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत गेलेलं एकच हाउसिंग. १९८६ पासून पुढची चाकं स्वतंत्रपणे वरखाली व्हायला लागली. बसणाऱ्याला सुख झालं आणि डोंगरवाले हळहळले. त्यामुळे '८५ सालच्या गाडीला इथं, आपल्याकडे जुन्या बुलेटला असतो तसा भाव आहे. मी दिलेला भाव गाडीला नसून गंजाला दिला, असं बायकोचं मत आहे.

या गाडीत फोर व्हील लावायचं तर दोन ठिकाणी हात घालावा लागतो. एक, आत, गिअरच्या दांड्याशेजारचा छोटा दांडा : २एच म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना, ४एच म्हणजे चारही चाकांना, ४एल म्हणजे चारही चाकांना पण मंद गिअरचा. दुसरा, बाहेर, जमिनीवर उतरून, पुढच्या दोन्ही चाकांच्या हबवर. आजच्या गाड्यांत एक बटण दाबलं की भागतं. मग हे उतरणं, वाकणं, बोटं काळी करणं कशासाठी? दादानं मला हेच विचारलं, आणि विचारताना त्याचा स्वर 'अमेरिकेत राहून हे असलं?' असाच होता.

खरं तर त्याच्याच घरात या प्रश्नाचं उत्तर गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं असायचं.

*

काकांकडे एक महिंद्राची जीप होती. सरकारी लिलावातली, हिरवा रंग अर्धा उडालेली. महिंद्रानं विलीज कंपनीची जीप मुंबईत जुळवायला सुरुवात केली ती स्वातंत्र्याच्या आगेमागे, १९४० चं दशक सरता सरता. पुढची कित्येक दशकं आपल्या खेड्यांत धावलेली जीप ही त्याच विलीजची लेक, नात आणि पणती. काकांच्या जीपला पुढच्या चाकांच्या मध्यावर फिरवायची चकती नव्हती. तिथे सपाट फ्लँज बोल्टांनी आवळलेली होती. म्हणजे चाक आणि अ‍ॅक्सल यांची गाठ कायमची.

त्यानं काय बिघडतं? समजा छोटा दांडा २एचवर आहे. इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना जातोय. पुढच्या बाजूला इंजिन काहीच देत नाही. पण गाडी पळते आहे तशी पुढची चाकं फिरत आहेतच. ती अ‍ॅक्सलला बांधलेली असली की उलटा कारभार सुरू होतो. चाक अ‍ॅक्सलला फिरवतं, अ‍ॅक्सल डिफरन्शियलच्या दात्यांना फिरवतो, दाते पुढच्या प्रॉपेलर शाफ्टला फिरवतात. कुणी काही ओढत नाही, पण सगळे फिरत आहेत. लग्न एक दिवसाचं आणि बँडवाले वर्षभर पगारावर, असला प्रकार. बेरिंग झिजतात, सांधे झिजतात, तेल तापतं, गाडी घुमते आणि डिझेल थोडं जास्त पिते.

काकांच्या मिस्त्रीनं यावर स्वतःचा तोडगा काढला होता. दिवाळी झाली, रान वाळलं, की तो गाडीखाली शिरून पुढचा प्रॉपेलर शाफ्टच काढून टाकायचा. शाफ्ट गोणपाटात गुंडाळून मागच्या सीटखाली. मृग लागला की पुन्हा चढवायचा. चाकांच्या गाठी सुटत नव्हत्या, अ‍ॅक्सल आणि डिफरन्शियल फिरतच राहायचं, पण निदान शाफ्टची घरघर तरी बंद. असं करणारे काका एकटे नव्हते. त्या काळी गावोगावच्या जिपांच्या पुढच्या शाफ्टची जागा रिकामी दिसायची. लोकांनी फोर व्हीलची गाडी घ्यायची आणि टू व्हील करून चालवायची, यात कुणालाही विनोद वाटत नव्हता.

विनोद व्हायचा तो अवकाळी पाऊस आल्यावर. एका एप्रिलमध्ये वळीव कोसळला आणि जीप मळीच्या काळ्या मातीत, घरापासून तीन कोसांवर, मागच्या डिफरन्शियलपर्यंत रुतली. दादा तेव्हा कॉलेजात होता. काकांनी ऐटीत सीट उचलली. खाली शाफ्ट नव्हता. सीटखाली उसाचं बेणं ठेवायला जागा हवी म्हणून काकूनं तो माळ्यावर टाकला होता. शेवटी बैलजोडी आणली. ती गोष्ट आमच्या घरात अजून दरवर्षी एकदा सांगितली जाते, आणि दरवर्षी काकू म्हणते, "मी विचारून ठेवलं होतं."

*

काकांची अडचण अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना तीसेक वर्षं आधी आली होती. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाख चाळीस हजारांच्या आसपास जीप बांधल्या. युद्ध संपलं आणि त्यातल्या पुष्कळ स्वस्तात विकायला निघाल्या. विलीजनं १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी नागरी जीपही काढली. चिखलात, जंगलात या गाड्या राजा होत्या, पण त्यांना डांबरी रस्त्यावरून बाजारालाही जायचं होतं. युद्धात गाडी किती महिने टिकते हे महत्त्वाचं. घरी आणली की ती वर्षानुवर्षं टिकावी लागते. कायम फिरणारा पुढचा अ‍ॅक्सल तिथे नडायला लागला.

सिएटल परिसरात आर्थर वॉर्न नावाच्या गृहस्थानं १९४८ मध्ये कंपनी काढली ती हे दुखणं धरून. फ्लँज काढायची, तिच्या जागी जोडता-सोडता येईल असा हब बसवायचा. रस्त्यावर चाक सुटं, रानात चाक बांधलेलं. कंपनीचं नाव वॉर्न. मी पहिल्यांदा हे नाव हबच्या चकतीवर वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात आधी वारणाच आली, सवयीचा परिणाम. पुढे याच कंपनीनं १९५९ मध्ये हौशी लोकांसाठी विजेवर चालणारी विंच आणली आणि आता वॉर्न म्हटलं की लोकांना विंचच आठवते. हबची गोष्ट मागे पडली. पण रिकामा फिरणारा अ‍ॅक्सल थांबवायचा तो चाकापाशीच, हे त्या माणसाला नेमकं दिसलं होतं. आमच्या मिस्त्रीनं गाठ शाफ्टशी सोडली. वॉर्ननं ती अगदी टोकाशी, चाकाच्या पोटात सोडली, त्यामुळे मागचं सगळंच शांत झालं. आणि मुख्य म्हणजे पाना न लावता, दोन बोटांनी.

*

हबच्या पोटात काय असतं ते मी दोन वर्षांपूर्वी माँट्रोजच्या बाहेर एका म्हाताऱ्याच्या गॅरेजात पाहिलं. पत्र्याची शेड, दारात एक लंगडा कुत्रा, भिंतीवर जुन्या गाड्यांच्या नंबर पाट्या. म्हातारा सत्तरीपलीकडचा, बोलायला कंजूष. उजव्या हबची चकती जड फिरते, पक्कड लावली तरच हलते, एवढं मी सांगितलं आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, "पक्कड कुणी लावली?"

मी गप्प.

"पक्कड लागली म्हणजे दुखणं दुसरीकडे आहे. चकती बोटांसाठी केलीय. बोटांनी फिरत नाही तर थांबायचं आणि का फिरत नाही ते बघायचं."

त्यानं चकतीच्या झाकणाचे सहा छोटे बोल्ट काढले. झाकण हातात आलं. मग अ‍ॅक्सलच्या टोकावरची सर्क्लिप चिमट्यानं फाकवून काढली. त्यानंतर हबच्या अंगाचे सहा नट. नट सुटले तरी हब सुटत नाही, कारण प्रत्येक स्टडवर शंकूच्या आकाराचा वॉशर खुंटीसारखा ठोकून बसलेला असतो. म्हाताऱ्यानं पितळी दांडा स्टडच्या टोकावर धरून हातोडीचा एकेक टोला दिला. सहाव्या टोल्याला वॉशर उडून बाहेर आले. "पोलाद मारायचं नाही, पितळच. नाहीतर स्टडचे आटे जातात," एवढं बोलून त्यानं सगळे तुकडे रॉकेलसारख्या वासाच्या पातेल्यात टाकले.

धुऊन निघाल्यावर सगळं सोपं दिसलं. अ‍ॅक्सलच्या टोकाला खाचा असलेली एक कडी. तिच्याभोवती हबचं अंग, ते चाकाशी आवळलेलं. आणि हबच्या अंगाला धरून आत-बाहेर सरकणारी दुसरी कडी, तिलाही खाचा. चकती लॉककडे फिरवली की ही कडी आत सरकते, खाचेत खाच बसते आणि अ‍ॅक्सल व चाक एक होतात. फ्रीकडे फिरवली की कडी बाहेर येते, अ‍ॅक्सल उभा राहतो आणि चाक त्याच्या बेरिंगवर एकटंच फिरतं. मध्ये एक स्प्रिंग आहे. तिची गंमत अशी की चकती पूर्ण फिरवली तरी खाचा समोरासमोर नसतील तर कडी लगेच आत जात नाही. स्प्रिंग तिला दाबून धरते आणि गाडी वीतभर हलली की खाच सापडते, टक् आवाज येतो. म्हणजे चकती 'तुला जोड' असं सांगते, आणि जोडण्याचं काम चाक थोडं हलल्यावर होतं.

माझ्या हबमध्ये आधीच्या मालकानं ग्रीस कोंबलं होतं. बेरिंगला ग्रीस लागतं तसं हबलाही भरपूर लागत असेल, हा सगळ्यांचा समज. म्हाताऱ्यानं बोट भरून ते बाहेर काढलं, तपकिरी, वाळूमिश्रित, जुन्या गुळासारखं. थंडीत ग्रीस घट्ट होतं आणि कडी सरकेनाशी होते. त्यानं सगळं पुसून पुन्हा पापुद्र्याएवढा थर दिला. झाकण बसवताना चकती फ्रीवर ठेवली, हाही एक नियम. लॉकवर ठेवून बोल्ट आवळले तर आतलं काहीतरी मोडतं. शेवटी तो म्हणाला ते मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं :

"आणि दोन्ही चाकं एकाच माणसानं फिरवायची. तूच. बायको नाही, मित्र नाही."

*

आता पुन्हा त्या चढावर.

यूरे समुद्रसपाटीपासून ७,८०० फुटांच्या आसपास आहे. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे इथं गावच कळसूबाईच्या डोक्यावर वसलेलं. यूट जमातीच्या प्रमुखाचं नाव गावाला दिलंय. १८७० च्या दशकात इथं चांदीच्या खाणी लागल्या आणि खेचरांच्या वाटा पडल्या. पुढच्या दशकात ऑटो मीअर्स नावाच्या बुटक्या, उद्योगी माणसानं या कातळांतून टोलचे रस्ते काढले; त्याचा टोलनाका आम्ही नुकत्याच ओलांडलेल्या बेअर क्रीकच्या धबधब्यापाशीच होता. खाणी बंद पडल्या, वाटा उरल्या. युद्धानंतर जीप आल्या आणि त्या वाटा पुन्हा वापरात आल्या. एका यंत्राला त्याचा डोंगर सापडावा तसं झालं.

सुरुवातीचा मैलभर आम्ही झाडीतून ४एलमध्ये, पहिल्या गिअरवर, माणसाच्या चालीनं गेलो. या गाडीत ४एलचा आकडा २.२८ आहे, म्हणजे चाकं तितक्या पटीनं सावकाश आणि तितक्या पटीनं जोरदार. दादा खूश होता. "बैलगाडीच की ही," म्हणाला. मग एक वळण आलं, आणि वळणावर गुडघाभर उंचीची कातळाची पायरी, वरून झऱ्याचं पाणी वाहतंय.

पुढची चाकं पायरीला टेकली आणि थांबली. मागची घसरली. थोडा जोर दिला तर मागून खडे उडाले, रबराचा वास आला, गाडी तिरकी झाली. डॅशबोर्डवर फोर व्हीलचा दिवा हिरवागार. मी पुन्हा प्रयत्न केला, तेच. रिकाम्या पिकअपचं हे जुनं दुखणं. इंजिन पुढे, हौदा मोकळा, त्यामुळे मागच्या चाकांवर वजनच नाही. इथले लोक हिवाळ्यात हौद्यात वाळूची पोती टाकतात ते यासाठीच. पण पुढची चाकं ओढत असताना एवढं घसरायला नको होतं.

दादाला स्टिअरिंगवर बसवलं, मी खाली उतरून बाजूला, चार हात लांब उभा राहिलो. "क्लच हळू सोड. थोडाच." त्यानं सोडला. पुढची दोन्ही चाकं थंड. आणि गाडीखाली पुढचा प्रॉपेलर शाफ्ट गरगर फिरतोय.

शाफ्ट फिरतोय आणि चाक नाही, म्हणजे जोर मध्येच कुठेतरी सांडतोय. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं. एका बाजूला जर अडवणारं काहीच नसेल, तर तिकडचा अ‍ॅक्सल हवेत पंखा फिरावा तसा फिरतो, आणि दुसऱ्या बाजूच्या वाट्यालाही तेवढंच, म्हणजे जवळजवळ शून्य येतं. एक हब लॉक आणि एक फ्री ठेवलेली गाडी अर्धी फोर व्हील होत नाही. ती पुढून पूर्ण बंद असते. आणि दिव्याला याची खबर नसते. तो ट्रान्स्फर केसमधल्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीतल्या, दांड्याची बातमी देतो, चाकाच्या पोटात काय झालं ते त्याला कुणी सांगत नाही.

मी उजव्या चाकापाशी गेलो. चकतीची पट्टी फ्री आणि लॉक यांच्या बरोबर मध्ये.

"घट्ट लागलं म्हणून थांबलो," दादा वरून म्हणाला. "आपल्या शेगडीची कळ असते तसं. जास्त पिळलं तर मोडेल."

त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. माझं चुकलं. म्हाताऱ्यानं सांगितलेला नियम मी एका माणसासाठी वाकवला होता, कारण तो पाहुणा होता आणि त्याला काहीतरी करायला द्यावं वाटलं. शिवाय मी दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलंही नाही. वय वाढलं की उठाबस जड जाते, हेही एक कारण आहे, पण ते मी दादाला सांगितलं नाही.

चकती फ्रीला नेली, पुन्हा पूर्ण लॉकला आणली. आवाज नाही. दादाला ब्रेक सोडून वीतभर मागे यायला सांगितलं. टक्. पुन्हा पहिला गिअर. यावेळी दादाच चालवत होता. पुढची चाकं पायरीला टेकली, क्षणभर थांबली आणि मग मांजर भिंत चढावं तशी एकामागून एक वर गेली. मागची त्यांच्या पाठोपाठ आली. खडा उडाला नाही. दादा काही बोलला नाही. वर सपाटीवर गाडी थांबवून त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि दोन्ही चकत्या स्वतः वाकून पाहून आला.

*

हब कधी लावायचा, याचं इथल्या जुन्या लोकांचं उत्तर एकच असतं : लागायच्या आधी. चिखलात रुतल्यावर चकती चिखलाखाली असते. ओढ्याच्या मध्यात पाण्याखाली. कातळावर तिरक्या उभ्या गाडीच्या चाकापाशी बसणं हा वेडेपणा. म्हणून डांबर संपलं की तिथेच उतरायचं. हब लॉक करून छोटा दांडा २एचवरच ठेवला तरी चालतं. गाडी मागच्या चाकांवर धावते, पुढचा अ‍ॅक्सल नुसता फिरतो, आणि गरज पडली की न उतरता, चालत्या गाडीत ४एच टाकता येतो. टोयोटाचं पुस्तक यासाठी ताशी ८० किलोमीटरच्या आतली मर्यादा सांगतं. हिवाळ्यात मी दोन-दोन दिवस हब लॉक ठेवतो. बर्फाळ रस्त्यावर दर चौकात उतरणार कोण?

उलटंही करता येतं आणि हा माझा आवडता उपयोग आहे. हब फ्री ठेवून आत दांडा ४एलवर टाकायचा. पुढची चाकं सुटी आहेत, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना, पण मंद गिअरचा. ट्रेलर मागे नेताना, होडी पाण्यात सोडताना, अरुंद अंगणात गाडी इंच इंच सरकवताना क्लच जळत नाही आणि स्टिअरिंग अडत नाही. बटणवाल्या गाड्यांत हे सहसा जमत नाही, कारण तिथे मंद गिअर मागितला की चारही चाकं गळ्यात पडतात. अर्थात सगळा भार एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर येतो, तेव्हा या स्थितीत अडकलेलं झाड ओढायला जाऊ नये.

आणि महिन्यातून एकदा, गरज नसली तरी, सोळा किलोमीटर फोर व्हीलमध्ये चालवावी असंही तेच पुस्तक सांगतं. कायम शांत ठेवलेल्या अ‍ॅक्सलमध्ये तेल तळाशी बसतं, वरचे दाते कोरडे पडतात. सुटं ठेवण्याचीही किंमत असते. मी हे मातीच्या रस्त्यावर करतो, डांबरावर नाही, आणि त्याचं कारण दुपारी लेक सिटीत दादाला दिसलं.

बटणं आली ती लोकांना उतरायचा कंटाळा म्हणूनच. १९८० च्या दशकात अमेरिकी गाड्यांत आपोआप लागणारे हब आले. ते सोडायचे तर थांबून दहाएक फूट मागे यायचं. अर्ध्या लोकांना हे माहीत नसायचं, उरलेल्यांच्या हबमध्ये पाणी शिरायचं. पुष्कळांनी ते काढून हाताचे हब बसवले. फोर्डच्या मोठ्या पिकअपमध्ये आजही मधला मार्ग आहे : हब आतल्या कळीवर, इंजिनाच्या निर्वाताच्या ओढीनं लागतात, पण चकतीही ठेवलेली आहे आणि तिच्यावर ऑटो व लॉक असे शब्द आहेत. नळी फाटली तर उतरून हातानं फिरवा. ज्यानं ही रचना केली त्याचा आपल्या नळ्यांवर पूर्ण विश्वास नव्हता, आणि मला तो माणूस आवडतो. आपल्याकडे मारुती जिप्सी चालवलेल्यांनाही पुढच्या चाकावरची चकती आठवत असेल.

*

खिंडीवर वारा उभं राहू देत नव्हता. जुलैमध्ये कडेला बर्फाच्या भिंती, खाली तांबडे-पिवळे डोंगर, आणि विरळ हवेत आमचं इंजिन दमेकऱ्यासारखं. दादानं टोपी धरून दोन फोटो काढले आणि गाडीत येऊन बसला. उतार हेन्सन क्रीकच्या बाजूचा. तिथे ४एल पुन्हा उपयोगी आलं, चढण्यासाठी नव्हे, अडण्यासाठी. हब लॉक असले की इंजिनाचा रोध चारही चाकांना मिळतो, ब्रेकवर पाय ठेवावा लागत नाही, ब्रेक तापत नाहीत. खालच्या सपाटीला रस्ता सुधारला तेव्हा ४एचवर आलो, आणि बोलण्याच्या नादात लेक सिटीच्या डांबरावरही तसाच शिरलो. दोन चौक वळलो. तिसऱ्या वळणावर स्टिअरिंग जड आलं, गाडी अंग आखडून धरल्यासारखी झाली.

वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची लहान. या गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्स्फर केसमध्ये एकमेकांना सरळ बांधलेले. मातीवर चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. डांबरावर घसरत नाही, मग फरकाचा पीळ शाफ्टांत साठत जातो. छोटा दांडा ओढून पाहिला, निघेना. उतरून चकती धरली, ती भिंतीत चिणल्यासारखी. दादा हौद्यातली हत्यारांची पेटी उघडायला निघाला.

"पक्कड नको," मी म्हणालो.

गाडी सरळ ठेवून तीनेक मीटर मागे घेतली. मागे येता येता खाली कुठेतरी 'ठाक्' झालं, पीळ सुटला, दांडा लोण्यासारखा २एचला आला. यावेळी मी गाडीतच बसलो. दादा डाव्या चाकापाशी बसला, फिरवलं, बोटानं पट्टी हलवून पाहिली. मग बॉनेटला वळसा घालून उजव्या बाजूला गेला, तिथेही बसला. उठताना गुडघ्याला हात लावला आणि मला काचेतून अंगठा दाखवला.

रात्री आठला, तिकडे सकाळचे साडेसात झाले तेव्हा, दादानं काकांना व्हिडिओवर फोन लावला. काका आता शहाऐंशीचे आहेत, कमी ऐकतात, पण गाडीचा विषय निघाला की त्यांना सगळं ऐकू येतं. दादानं खिंड सांगितली, पायरी सांगितली, अर्धवट फिरवलेल्या चकतीचं मात्र गाळलं. फोन चाकापाशी नेऊन हब दाखवला. काकांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

"बरंय," म्हणाले. "आणि पुढचा शाफ्ट? तो आणलाय ना बरोबर, का घरी माळ्यावर?"